बेळगुंदीचा लोखंडी बैल

माणसं निवृत्त झाली की तीर्थयात्रा करतात, कुंडीत गुलाब लावतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. माझा थोरला भाऊ लोखंड शोधतो. साधंसुधं नव्हे, दुसऱ्या महायुद्धातल्या, चाकांवरून लोखंडी पट्टे फिरणाऱ्या लष्करी गाड्यांचं. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी आपल्याकडेच लिलावात निघाल्या. कुणी त्या शेतात जुंपल्या, कुणी तोडून विकल्या. दादाचं म्हणणं असं, की प्रत्येक गाडीवर नंबर असतो आणि तो सापडला की गाडी कुठून आली, कुठे लढली, सगळा माग काढता येतो. आयुष्यभर त्याने अमरावतीच्या पोरांना यंत्रशाळेचे धडे दिले, आता इंटरनेटवर आपल्यासारख्याच दोनचार वेड्यांशी रंगांच्या छटांवरून वाद घालतो. मध्ये एका इंग्रजाशी त्याने हिरवा की खाकी यावरून अबोला धरला होता. त्या इंग्रजाला ते कळलं की नाही, कुणास ठाऊक.

तर अशा या दादाला बेळगावजवळच्या बेळगुंदीहून एका मारुती नावाच्या गृहस्थांचा फोन आला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ते साचे करतात. त्यांचे आजोबा परशराम युद्धात समुद्रापलीकडे कॅरिअर चालवायचे. कॅरिअर म्हणजे वरून उघडी, बुटकी, पट्ट्यांवर चालणारी गाडी. युद्ध संपून आजोबा घरी आले आणि बेळगावातल्या लिलावात त्यांना काय दिसावं, तर त्यांचीच गाडी! त्यांनी ती घरी आणली. तिने कितीतरी वर्षं भाताची शेतं केली, मग ती बंद पडली, आणि आता मारुती तिला पुन्हा उभी करत होते. बेंदराला, म्हणजे तिकडच्या बैलांच्या सणाला, ती गावातून फिरवायची होती. पण त्याआधी तिच्यावरचा खरा नंबर हवा होता. मारुतींच्या आत्या, परशरामांच्या लेक गंगाक्का, पंच्याऐंशीच्या घरात होत्या आणि त्यांनी एकच धोशा लावला होता, "माझ्या डोळ्यादेखत नंबर निघू दे."

दादा दोन दिवस जेवला नाही. सैनिकाला त्याची स्वतःचीच गाडी परत मिळाली, ही गोष्ट तो लहानपणच्या परीकथेसारखी ज्याला त्याला सांगत सुटला. वहिनीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुमी जा बाई सोबत. एकटे गेले तर रणगाडा घेऊनच येतीन घरी." रणगाडा नाही, कॅरिअर, असं दादा आतल्या खोलीतून ओरडला.

निपाणीवरून पुढे

निघण्याआधीच एक घोटाळा होता होता राहिला. दादाने कॅलेंडरात बेंदूर पाहिला आणि आषाढातली तिकिटं काढायला निघाला. मारुतींनी फोनवर सांगितलं, "सर, त्यो महाराष्ट्री बेंदूर. आमचा कर्नाटकी आदी असतोय, जेष्ठाच्या पुनवंला." म्हणजे या सीमाभागात राज्य कुणाचं हा वाद माणसांनी घालावा, बैलांना मात्र आसपास दोन दोन सण मिळतात. आमच्या विदर्भातल्या बैलांना हे कळलं तर ते पोळा सोडून इकडे बदली मागतील.

कोल्हापूरहून आम्ही कर्नाटकाची लाल बस धरली. निपाणीत बस थांबली, तेव्हा हवेत तंबाखूचा उग्र गोडसर वास होता आणि मला लागोपाठ शिंका आल्या. मी नाक पुसून मान वर करते तो दादा गायब. तो समोरच्या भंगारवाल्याकडे पट्ट्याच्या गाडीचं चाक मिळतं का, हे विचारायला गेला होता. भंगारवाल्याने त्याला मनोभावे ट्रॅक्टरची, रोड रोलरची आणि शेवटी पिठाच्या गिरणीची चाकं दाखवली. कंडक्टर दारात उभा राहून कानडीत काहीतरी ओरडत होता. शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते.

उद्यमबाग

मारुती स्टँडवर घ्यायला आले होते. पन्नाशीचा, मिशीत हसणारा, हातांच्या रेषांत काळी वाळू कायमची बसलेला माणूस. त्यांनी आधी आम्हाला उप्पीट आणि शिरा खायला घातला, वर कुंद्याचा तुकडा हातावर ठेवला. दुधाचा इतका आटवलेला पदार्थ मी कधी खाल्ला नव्हता. आमच्याकडे पाहुण्याला दह्यातला गिला वडा देतात, तो पोटात उतरून तासाभराने बोलायला लागतो. कुंदा आधी गोड बोलतो आणि मग झोपवतो. दादाला मात्र झोप कसली. त्याला फाउंड्री बघायची होती.

फाउंड्रीत काळ्या वाळूचे ढिगारे, धग, आणि त्यातून सहज वावरणारी माणसं. मारुती साहेबांशी कानडीत बोलत, सोबत्यांशी मराठीत, माल आणणाऱ्याशी हिंदीत. शिव्यांना मात्र त्यांनी भाषेचं बंधन घातलेलं नव्हतं. गाडीच्या पट्ट्याच्या निम्म्या कड्या कधीच हरवल्या होत्या. तेव्हा एका जुन्या कडीवरून त्यांनी साचा केला आणि मालकाच्या परवानगीने, भट्टीतलं उरलेलं लोखंड वापरून, सुट्टीच्या वेळात नव्या कड्या ओतल्या.

"बघा सर, जुन्या कड्या झिजून सैल झाल्यात, नव्या ताठ हाईत," मारुती म्हणाले. "दोन्ही एका माळंत ओवल्यात. नांदल्या म्हंजे मिळवलं."

"सासू-सुना आहेत म्हणा की," मी म्हणाले. तिथले सगळे हसले. दादा हसला नाही, तो कडीला दाढीच्या आरशासारखं डोळ्यांसमोर धरून फिरवत होता. मग त्याने विचारलं, "इंजिन मूळचंच ना? आठ सिलिंडरचं?"

"ते आज्जाच्या काळातच गेलं वो. मी जुन्या जीपचं डिझेल बसवलंय."

दादाचा चेहरा असा झाला, जसं लग्नात ऐनवेळी नवरा बदलल्याचं कुणी कानात सांगितलं. मी मारुतींना म्हटलं, काळजी करू नका, आज रात्री जेवला की ठीक होईल.

बेळगुंदी

बेळगाव मागे पडलं की रस्ता पश्चिमेच्या डोंगरांकडे वळतो आणि जमीन तांबडी होत जाते. भाताची खाचरं, रताळ्याचे वेल लावायला ओढलेले वाफे, कुंपणाला काजू. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून आ वासते. इथली माती सदा नुकतीच आंघोळ केल्यासारखी दिसते. गावातली निम्मी माणसं सकाळी मोटरसायकलवर शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी येऊन म्हशीचं दूध काढतात. मारुतीही त्यातलेच.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. दादा पळतच गेला आणि दारात थबकला. मी मागून पोहोचले आणि मला हसू आवरेना. गाडी नखशिखान्त लालभडक होती. पुढच्या पत्र्यावर दोन टपोरे पांढरे डोळे, वर वाकवलेल्या पाइपाची शिंगं, शिंगांना गोंडे. पट्ट्यांना कुणी चुना लावून ठेवला होता. हिरवा की खाकी, हा प्रश्नच निकालात निघाला होता.

"डोळे मी काढती," मागून आवाज आला. गंगाक्का काठी टेकत येत होत्या. बारीक चणीच्या, ठसठशीत टिकली लावलेल्या, नऊवारीचा काष्टा अजून घट्ट. "दर बेंदराला हुरमुंजी तेलात कालवून लावायची आन डोळं काढायचं. बानं शिकीवलं. ह्यानं बैलाचं काम केलं, मग ह्येला बैलाचा मान नको?"

हुरमुंजी म्हणजे बैलांच्या अंगाला लावतात ती तांबडी पूड. दरसाल एक हात, असा तो रंग वर्षानुवर्षं चढत गेला होता. दादाने नखाने एक टवका उडवून पाहिला आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. तेलातल्या त्या लेपाने लोखंडाला गंज चढू दिला नव्हता. "ताई," तो माझ्या कानाशी कुजबुजला, "खाली सगळं जसंच्या तसं असणार. नंबर मिळणार!" मी त्याची धाकटी बहीण, पण फार आनंद झाला की तो मला ताई म्हणतो.

रात्री भाकरी, रताळ्याची भाजी आणि तांबड्या तांदळाचा भात होता. दादा तिसऱ्यांदा भात मागत होता. डिझेलचं दुःख संपलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो बोळा आणि पातं घेऊन रंगाशी झटत बसला. बेंदूर एका दिवसावर होता. मारुती कामावर गेले होते. मी आणि त्यांची बायको सुमन ओसरीवर चण्याची डाळ निवडत होतो. गंगाक्का खुर्ची टाकून शेडच्या दारातच बसल्या होत्या आणि दादाचा हात जाईल तिकडे त्यांचे डोळे जात होते. मध्येच विचारत, "दिसलं काय, मास्तर?" दादा म्हणे, "अजून दोनचार बेंदूर खाली जायचंय." कांद्याच्या पापुद्र्यासारखं एकेक वर्ष निघत होतं.

दुपारी त्याने मला हाक मारली. आक्का तेवढ्यापुरत्या आत पाणी प्यायला गेल्या होत्या. बाजूच्या पत्र्यावर नंबर निघाला होता, पांढरा, स्वच्छ. पण दादा नंबराकडे बघतच नव्हता. त्याने चालवणाऱ्याच्या जागेसमोरच्या आतल्या पत्र्यावरचाही लेप खरवडून काढला होता. तिथे इंग्रजी लिपीत पण हिंदुस्थानी भाषेत लिहिलेलं होतं, 'पहले तेल देखो. फिर पानी देखो. फिर चलाओ.'

"किती छान," मी म्हणाले.

"छान काय! ही शिकवणीची गाडी आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "नवशिक्या शिपायांना धडे देण्यासाठी असं लिहून ठेवायचे. शेजारी त्या लष्करी शाळेची खूण आहे. आणि हा नंबर अगदी शेवटच्या खेपेतला. ही कधी बोटीत चढलीच नाही गं. युद्ध हिने पाहिलंच नाही."

म्हणजे परशरामांनी चालवलेली गाडी ही नव्हतीच. दादाने इतक्या गाड्यांचा माग काढला, पण उत्तर कुणाला सांगायचं याचं ओझं त्याच्यावर कधी पडलं नव्हतं. तो खरंच कासावीस झाला. आक्कांच्या काठीचा आवाज यायला लागला, तेव्हा त्याने घाईघाईने आतल्या पत्र्यावर फडकं टाकलं.

"सापडला काय?"

"सापडला," दादा म्हणाला. "आणि... जुळतो. म्हणजे अगदी तंतोतंत. त्याच काळातला. त्यांचीच असणार. आहेच."

आमचा दादा खोटं बोलायला लागला की त्याचे कान आधी लाल होतात आणि मग तो वाक्यं मोडून मोडून बोलतो. आई त्याला लहानपणी कान बघूनच पकडायची. आता त्या गाडीच्या शेजारी त्याचे कान वेगळे ओळखू येत नव्हते. आक्कांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"मास्तर, पोटात दुखतंय काय?"

"नाही नाही."

"मग कशाला एवढा तरास करून घेतासा? खोटं बोलाय येत न्हाय तुमाला." त्या खुर्चीत बसल्या आणि सुमनला चहा टाकायला सांगून त्यांनी आत धाडलं. मग हळूच म्हणाल्या, "ही माझ्या बाची गाडी न्हवं. ठावं हाय मला."

दादाने हातातलं पातं खाली ठेवलं.

"बा आन जोती एका गाडीत असायचे. बा चालवायचा, जोती शेजारी बंदुकीवर. निपाणीकडचा जोती. तिकडं गोळा पडला आन गाडीनं पेट घेतला. बानं उडी मारली. जोतीचा पाय आडकला." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "बा माघारी फिरला न्हाय. आदी म्हणाला, फिरता आलं न्हाय. मग म्हणाला, फिरलो न्हाय."

"मग ही?" मी विचारलं.

"लढाई सरल्यावर हितं लिलाव निघाला. बा नुसता बघाय गेलता, आन ही घेऊन आला. येशीत माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, 'परशा, तुजीच काय रं ही?' बा म्हणाला, 'व्हय.' एवढंच. एकदा व्हय म्हटलं, मग जलमभर व्हयच म्हणत बसाय लागलं त्येला. हुरमुंजी लावताना एकदा रडाय लागला, तवा मला सांगितलं. मी पोरगी हुते. म्हणाला, कुणाला बोलू नगो. मी न्हाय बोलले. नवऱ्याला न्हाय, भावाला न्हाय."

"मग आता आम्हाला कशाला बोलावलंत?" दादाने विचारलं.

"मी गेले की खोटं तेवढं मागं राहील. खरं कुणालाच ठावं नसंल, आन जोतीचं नाव बी कुणी घेणार न्हाय. बाला शबूद दिलता, म्हणून मला बोलाय येत नव्हतं. पर लोखंडानं कुठं शबूद दिलाय? मारुतीला म्हटलं, बलीव त्या मास्तरांना. लोखंडानं आदी सांगितलं की मग मी बोलीन." त्यांनी हात लांब करून गाडीच्या पट्ट्यावर ठेवला. "आन ह्याचं काय वो? ह्यानं आमची शेतं केली, पोटाला घातलं, आन पूजा घेतली दुसऱ्याच्या नावानं. जो निघालाय त्योच नंबर रंगवा. ह्याचं ह्येला मिळू दे."

मी डोळे पुसले. दादाने पुसले नाहीत, कारण त्याचे दोन्ही हात तांबडे होते. मग सुमन चहा घेऊन आली.

बेंदूर

सणादिवशी सकाळी गावातल्या जाणत्यांची गाडीभोवती बैठक भरली. प्रश्न गहन होता. बेंदराला बैलाला जू लावत नाहीत, त्याला कामाला जुंपणं पाप. मग हे यंत्र चालवायचं की नाही?

"बैल आसंल तर आज त्येला राबवायचं न्हाय," एक पागोटेवाले आप्पा म्हणाले. "आन बैल नसंल तर बैलांच्या मिरवणुकीत घ्यायचं न्हाय. तुमीच काय ते ठरवा."

ही अडचण कुठल्याही लष्करी पुस्तकात दिलेली नसल्यामुळे दादा हतबल झाला. शेवटी आक्कांनीच तोड काढली. "बैल मिरवणुकीत चालतोय की न्हाय? चालतोय. वढतोय काय? न्हाय. मग हे बी चालंल. कुणाला मागं बांधायचं न्हाय, कुणी वर बसायचं न्हाय. चालवणारा तेवढा."

दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. आमच्याकडे पोळ्याला पुरण असतंच, पण इथली पोळी इतकी पातळ, की ताटाचं नक्षीकाम दिसावं, आणि सोबत दुधाची वाटी. पहिला घास बैलांना, मग गाडीला. आक्कांनी तिच्या पुढच्या डोळ्यांना नवा पांढरा रंग दिला आणि खाली दादाने खरा नंबर रंगवला. लाल रंगावर! इंग्रजाने पाहिलं असतं तर त्याने कायमचा अबोला धरला असता.

संध्याकाळी झुली पांघरलेले, बाशिंगं बांधलेले बैल हलगीच्या तालावर वेशीकडे निघाले. तिथे आडवा दोर आणि पानांचं तोरण बांधतात, आणि बैल पळत जाऊन ते तोडतात. त्याला कर तोडणं म्हणतात. सर्वांच्या मागून मारुतींनी गाडी चालू केली. काळ्या धुराचा लोट निघाला, गल्लीतली कोंबडी छपरावर गेली, दोन बैल मालकासकट उलट्या दिशेने धावले. मग सगळं सावरलं आणि ती लाल, शिंगांची, टपोऱ्या डोळ्यांची गाडी खडखडत चालू लागली. दादा शेजारून चालत होता आणि त्याचं तोंड उघडं ते मिटेचना.

वेस दिसायला लागली आणि सासू-सुनांचं बिनसलं. खाडकन आवाज झाला, डावा पट्टा उतरला आणि गाडी वाटेत आडवी झाली. बैल ओढायला लावायचे नाहीत, ट्रॅक्टर आणायचा तर दोन्ही बाजूंनी गर्दी. अर्ध्या गावाने दोर लावला. दोराच्या पुढच्या टोकाला गुडघ्यापर्यंत तांबडा झालेला आमचा सहासष्ट वर्षांचा दादा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर नेतात. दादाला लहानपणी कधी मोठा बैल मिळाला नव्हता, त्याची भरपाई त्या दिवशी झाली. पाइपाच्या शिंगाला तोरण अडकलं, तुटलं आणि एकच जल्लोष झाला.

"परशरामाची लढाईतली गाडी! लढाई मारून आलेली!" कुणीतरी ओरडलं.

आक्का वेशीजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. त्या काठी टेकून उठल्या. "लढाईतली न्हाय ही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ही हितंच हुती. बाची गाडी तिकडं जळली. जोती नावाचा गडी हुता बाजूला, त्यो गेला त्यात."

हलगी थांबली. मारुती गाडीतून उतरून आले. "आक्का, काय बोलतीस गं?"

"मी न्हाय बोलत, लोखंड बोलतंय. आत वाकून वाच."

माणसं एकेक करून आत डोकावली. शाळेत शिकवणाऱ्या एकाने मोठ्याने वाचलं, "पहले तेल देखो," आणि दादाने ही शिकवणीची गाडी असल्याचं सांगितलं. मारुतींनीही वाकून ते वाचलं. इतकी वर्षं छाती पुढे काढून सांगितलेली गोष्ट एका क्षणात गेली होती, आणि मला भीती वाटली, की हा माणूस आता चिडेल. पण ते खाली बसले आणि त्यांनी आक्कांच्या पायाला हात लावला. तेवढ्यात पागोटेवाल्या आप्पांनी विचारलं, "लढाईचं ऱ्हाऊ दे. बैल म्हणून चालतोय न्हवं?"

"चालतोय की!" आक्का म्हणाल्या, आणि हलगी पुन्हा वाजू लागली.

परतीच्या वाटेवर

निघताना आक्कांनी दादाच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा दिला. "मास्तर, लोखंडाचा माग काढतासा. माणसाचा काढता येतोय काय बघा." जोतीचं गाव त्यांना ठाऊक होतं, निपाणीच्या अलीकडचं. परशराम तिथे कधी गेले नाहीत, त्यांचे पाय वळले नाहीत. "काय लपवू नगा. बानं उडी मारली, हे बी सांगा."

गावाचं नाव मी लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. स्टँडवरच्या पानपट्टीवर दादाने विचारायला सुरुवात केली, ती सवयीने, "इथे कुठे जुनं..." अशी. मी त्याला कोपराने ढोसलं. मग त्याने नीट विचारलं. पानवाल्याने हात केला. मिलिटरीत गेलेल्या जोतीचं घर होय, त्या तंबाखूच्या वखारीमागं.

ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ विळ्याला धार लावत बसले होते. दादाने नमस्कार करून विचारलं, "जोती यांचं घर हेच का?"

"मीच जोती."

दादाच्या हातातला डबा पडता पडता मी पकडला. मग उलगडा झाला. युद्धात गेलेला तो यांचा थोरला चुलता. तो गेल्यावर भावाला मुलगा झाला, त्याला त्याचंच नाव ठेवलं. आम्हाला घोंगडीवर बसवलं, पाणी आलं. दादाने गाडीच्या नंबरापासूनच सुरुवात केली आणि तो शाळेच्या खुणेपर्यंत पोहोचला, तेव्हा मी त्याला चिमटा काढला. मग त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. गोळा, आग, अडकलेला पाय, उडी.

म्हाताऱ्यांनी विळ्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"तार आलती म्हणं नुसती," ते म्हणाले. "कुठं गेला, कसा गेला, काय न्हाय. आज्जी मरंस्तवर म्हणायची, माझं पोरगं एकटं मेलं." मग दादाकडे बघून म्हणाले, "उडी मारलेलं माणूस नंतर जगलं काय?"

"म्हातारे होऊन गेले."

"हं. कुणी हाय त्येंचं?"

दादाने मारुतींना फोन लावला आणि आक्कांना द्यायला सांगितला. मग तो म्हाताऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, बायकोने सुलटा करून दिला.

"आक्का, मी जोती बोलतोय. निपाणीकडचा."

मग ते खाकरून म्हणाले, "तुमच्या बानं उडी मारली ते बरं केलं. दोघंबी गेलं असतं तर आमाला सांगाय कोण आलं असतं?"

फोन मोठ्या आवाजावर नव्हता, पण ओसरीवर इतकी शांतता होती की आक्कांचं आम्हालाही ऐकू आलं. त्यांचा आवाज फार लहान झाला होता.

"जेवलास काय रं, जोती?"